‘मोकळेपणाने बोला’ म्हटल्याने कोणी मोकळं होत नाही: समोरच्याला बोलतं कसं करावं

‘अगदी मोकळेपणाने बोला हं,’ असं सांगितल्यामुळे कोणी मोकळं झाल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. समोरचा उलट जरा सावरून बसतो. परवानगी देणारा तो मालक, एवढं त्यालाही कळतं.

माझं काम म्हणजे लोकांच्या कामधंद्याच्या आठवणी ऐकून टिपून ठेवणं. सुरुवातीच्या दिवसांत एका निवृत्त खिळेजुळाऱ्यांकडे गेलो होतो. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी आपला ‘आपण’, ‘आपला व्यवसाय’, ‘मुद्रणक्षेत्रातली स्थित्यंतरं’ असं बोलतोय आणि ते ‘बरं होतं’, ‘चालायचं’, ‘तुम्हाला माहीतच असेल’ यापलीकडे जात नाहीत. वीस मिनिटांत माझे प्रश्न संपले. वही मिटता मिटता मी खिळ्यांच्या खणांबद्दल काहीतरी चुकीचं बोलून गेलो. ते उठलेच. ‘अहो, तसं नसतं ते. इकडे या.’ टेबलावर बोटाने रेघा ओढत कोणतं अक्षर कुठल्या खणात, न बघता हात कसा जायचा, जोडाक्षराची जुळणी करताना काय फजिती व्हायची, हे ते पुढे दीड तास सांगत राहिले.

खोली तीच होती, मीही तोच होतो. आधी मी साहेब होतो आणि ते माहिती पुरवणारे. नंतर ते वस्ताद झाले आणि मी शिकाऊ पोरगा. त्यांची भाषा त्यानंतर बदलली.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात याचं फार बोलकं उदाहरण आहे. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातला आठ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा मुलाखतीत एकेका शब्दात उत्तरं देत होता. गंमत म्हणजे मुलाखत घेणारा माणूसही त्याच वस्तीतला, त्याच बोलीचा, कृष्णवर्णीयच होता. म्हणजे भाषा जुळूनही काम होत नव्हतं. पुढच्या वेळी त्याने बटाट्याच्या वेफर्सचा पुडा आणला, मुलाच्या जिवलग मित्राला बरोबर बसवलं, स्वतः जमिनीवर बसला आणि मोठ्यांसमोर उच्चारायचे नसतात असे शब्द स्वतःच आधी उच्चारले. मग दोन्ही मुलं एकमेकांचं बोलणं तोडून बोलू लागली. आधीच्या भेटीवरून कोणी ‘या मुलाला भाषाच येत नाही’ असा शेरा मारला असता, आणि त्या काळात तसे शेरे मारले जातही होते.

नोकरीची मुलाखत असो, संशोधनासाठीची असो, रुग्णाची विचारपूस असो की हाताखालच्या माणसाशी बसून बोलणं असो, मी पुढच्या क्रमाने जातो.

आधी घरी बसून करायचं काम

प्रश्नावली तयार करण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. माझ्या हातात काय आहे, असं या माणसाला वाटतं? (खरोखर काय आहे हा प्रश्न नंतरचा.) मला त्याच्याकडे कोणी पाठवलं? आणि त्याचं बोलणं बाहेर गेलं तर तो कोणासमोर अडचणीत येईल?

दुसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. कामगाराशी तुमची ओळख मुकादमाने करून दिली असेल, तर तुम्ही कितीही साधे कपडे घालून गेलात तरी त्याच्या लेखी मुकादमाचेच पाहुणे. विद्यार्थ्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावून ‘शाळा कशी वाटते’ विचारलंत, तर शाळा छानच वाटणार. यावर गोड बोलणं हा उपाय नाही. ओळख दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, जागा बदला, किंवा निदान पहिल्या दोन मिनिटांत स्पष्ट सांगा: ‘त्यांनी तुमचं नाव सुचवलं, पण आपलं बोलणं मी त्यांना दाखवणार नाही.’ हे वाक्य पाळता येणार असेल तरच बोला.

तू, तुम्ही, आपण

इथे जरा थांबायला हवं, कारण मराठीत संबोधन टाळून चार वाक्यंही धड बोलता येत नाहीत. क्रियापदालाच नातं चिकटलेलं असतं.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांमधल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं असं, की ही सर्वनामं दोन तराजूंवर चालतात: एक सत्तेचा, दुसरा जवळिकीचा. वरचा खालच्याला ‘तू’ म्हणतो आणि ‘तुम्ही’ ऐकून घेतो, तो पहिला. दोघंही एकमेकांना ‘तू’ किंवा दोघंही ‘तुम्ही’ म्हणतात, तो दुसरा. स्वीडनमध्ये १९६७ साली आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रोर रेक्सेद यांनी आपण सगळ्यांना ‘तू’च म्हणणार असं जाहीर केलं, आणि एव्हाना सुरू झालेल्या बदलाचे तेच प्रतीक बनले. मराठीत असं एका झटक्यात होणं अवघड, आणि व्हावं असंही मला वाटत नाही. आपल्याकडचा घोळ निराळा आहे: एकाला जवळीक वाटणारा ‘तू’ दुसऱ्याला पायरी दाखवणारा वाटतो.

म्हणून अनोळखी माणसाशी सुरुवात ‘तुम्ही’ने करा, तो वयाने कितीही लहान दिसो. उमेदवार बावीस वर्षांचा आहे म्हणून पॅनेलवरचे सगळे त्याला ‘तू’ म्हणतात आणि पुढच्या चाळिशीतल्या उमेदवाराला ‘तुम्ही’, हे मी पाहिलं आहे. पहिल्याने निम्मी मुलाखत ‘हो सर’मध्येच काढली. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचं असेल तर ते निमंत्रण समोरच्याकडून येऊ द्या: ‘अहो, मला काय अहो-जाहो करता!’ असं तो म्हणाला तर खुशाल या. तुम्हीच विचारलंत, ‘अरे-तुरे केलं तर चालेल ना?’ तर नाही म्हणण्याची सोय त्याच्याकडे उरत नाही.

‘आपण’ हा सगळ्यात फसवा. तो आदराचा असतो, तसाच ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असाही असतो. ‘आपण काय करता?’ हे अति आदराचं, त्यामुळे थंड. ‘आपण हे नीट समजून घेऊ’ हे सोबतीचं. ‘काय आजोबा, आज आपण गोळी घेतली की नाही?’ हे मात्र सत्तर वर्षांच्या माणसाला बालवर्गात नेऊन बसवणं. मी पहिला प्रकार जवळजवळ सोडून दिला आहे, दुसरा बेताने वापरतो, तिसरा कोणी माझ्यावर वापरला तर उत्तरच देत नाही.

संबोधन काय वापरावं हे ठरत नसेल तेव्हा मराठी माणूस एक युक्ती करतो, ती मुद्दाम शिकून घ्या. तो सर्वनामाला बगल देतो: ‘कधी येणं झालं?’, ‘काम कुठं असतं?’, ‘शिक्षण कुठपर्यंत झालं?’ पहिल्या दोन मिनिटांसाठी ही वाक्यं उत्तम. सगळी मुलाखत अशी गेली मात्र ती चौकीतल्या जबाबासारखी वाटू लागते.

समोरचा स्वतःला काय म्हणतो यावरही कान ठेवा. ‘आम्ही नियमाप्रमाणेच करतो’ म्हणणारा माणूस पदावरून बोलतोय. ‘माणसाला वाटतंच ना कधीतरी’ म्हणणारा स्वतःबद्दलच बोलतोय, पण पडद्याआडून. पहिल्यांदा ‘मला’ आलं की ते टिपून ठेवा आणि तिथे घाई करू नका. त्या क्षणी तुम्ही ‘म्हणजे तुम्हाला भीती वाटली?’ असं चटकन बोललात, तर तो पुन्हा ‘आम्ही’मध्ये जाऊन बसतो.

कुठली मराठी, किंवा मराठीच का

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली लिहिलं, की काही समाजांत एकाच भाषेची दोन रूपं नांदतात: एक सभेचं, ग्रंथाचं, एक घरचं. मराठीचं चित्र त्यांच्या उदाहरणांशी तंतोतंत जुळत नाही, पण मुलाखतीत आपण नेमकं सभेचं रूप काढतो हे खरं. ‘आपल्या उदरनिर्वाहाचं साधन काय?’ असं कोणी कोणाला विचारतं का? ‘घर कशावर चालतं?’ असं विचारा. प्रश्नावली लिहून झाली की ती मोठ्याने वाचा. जे वाक्य तुम्ही मावशीला म्हणणार नाही, ते खोडा.

याचा अर्थ समोरच्याची बोली उचलायची असा नाही. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की बोलताना माणसं नकळत एकमेकांच्या लकबीजवळ सरकतात किंवा मुद्दाम दूर राहतात. सरकणं आपसूक झालं तर बरं वाटतं. ठरवून नक्कल केली तर ती थट्टा ठरते. माझा नियम साधा आहे: त्याचे शब्द घ्यायचे, त्याचा हेल घ्यायचा नाही. तो ‘टायमाला’ म्हणाला तर पुढच्या प्रश्नात मीही ‘टायमाला’ म्हणतो. ‘अच्छा, म्हणजे वेळेवर’ असं म्हणालो तर मी त्याची वही तपासली असं होतं. असं तीनदा झालं की तो शब्द निवडून निवडून बोलू लागतो, आणि निवडून बोलणारा माणूस कमी बोलतो.

शब्दांइतकाच सूर बोलतो. जॉन गम्पर्झ यांनी ब्रिटनमधल्या एका विमानतळावरच्या कॅफेटेरियाचं उदाहरण नोंदवलं आहे. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका रस्सा वाढताना ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द उतरत्या सुरात म्हणत. त्यांच्या मते त्या विचारत होत्या. ऐकणाऱ्या इंग्रजांना मात्र ते ‘ही घ्या ग्रेव्ही’ असं तुटक वाटे, कारण त्यांच्याकडे विचारताना सूर चढतो. दोन्ही बाजूंना समोरचा उद्धट वाटत होता. परक्या भाषेत मुलाखत देणारा कोणी तुम्हाला तुसडा वाटला, तर शेरा लिहिण्याआधी ही ग्रेव्ही आठवा.

भाषा निवडायला खरोखर द्या. ‘मराठी चालेल ना?’ याचं उत्तर ‘हो’च असतं. ‘मराठी, हिंदी, इंग्रजी, कशात बोलायला सोपं जाईल? मधेच बदललं तरी चालेल,’ हा प्रश्न झाला. दुसऱ्या भाषेत माणूस सांगायचंय ते सांगत नाही, सांगता येतं तेवढं सांगतो. दुभाषी लागलाच तर घरातल्या शाळकरी मुलाला त्या कामाला लावू नका. आईबापांचं दुखणं, कर्ज, भांडण लेकराच्या तोंडून वदवायचं म्हणजे दोघांचीही जागा उलटीपालटी करणं. आणि बोलताना बघायचं माणसाकडे, दुभाष्याकडे नाही. ‘त्यांना विचारा की…’ असं म्हणूच नका.

प्रश्न कसा विचारायचा

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ या अर्थाचा जोरकस शब्द वापरला तेव्हा अंदाजाची सरासरी ताशी सुमारे ४१ मैल आली, नुसत्या ‘एकमेकींना लागल्या’ असं विचारलं तेव्हा सुमारे ३२. तेव्हा ‘साहेबांचा जाच किती होता?’ असं विचारून जाचाचीच गोष्ट ऐकायला मिळाली, तर त्यात नवल नाही.

दुसरा एक प्रयोग दवाखान्यातला. जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ साली डॉक्टरांच्या एका गटाला ‘एनिथिंग एल्स’ आणि दुसऱ्याला ‘समथिंग एल्स’ असं विचारायला लावलं. दुसऱ्या शब्दाने रुग्णांच्या मनात राहून गेलेल्या तक्रारींचं प्रमाण खूपच खाली आलं, पहिल्याने जवळजवळ फरक पडला नाही. मराठीत हा खेळ शेपटीत असतो. ‘आणखी काही नाही ना?’ यातला ‘ना’ दार लावून घेतो. ‘आणखी काय काय विचारायचं होतं?’ हा प्रश्न काहीतरी उरलंच असणार असं गृहीत धरतो, आणि बहुधा ते उरलेलं असतंच.

‘का’ जपून वापरा. ‘नोकरी का सोडलीत?’ यात झडती आहे. ‘नोकरी सोडायची वेळ कशी आली?’ यात गोष्ट सांगायला जागा आहे. ‘का’चं उत्तर माणूस बचाव म्हणून देतो, ‘कसं’चं उत्तर क्रमाने सांगतो, आणि त्या क्रमात ‘का’ आपोआप येऊन जातं.

ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असा प्रश्न विचारू नका, म्हणजे परीक्षा घेत नसाल तर. शिक्षक विचारतात तसा तो प्रश्न असतो आणि समोरच्याला बाकावर बसवतो. खिळेजुळाऱ्यांकडे मी चुकलो तो अपघात होता. हल्ली मी मुद्दाम चुकीचं बोलत नाही, ते लबाडीचं आहे. पण जे खरंच माहीत नाही ते आधी काढतो: ‘हे मला कधीच कळलं नाही, जरा समजावून सांगता?’

गप्प बसणं

हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. दहा भाषांमधल्या संवादांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. इतक्या वेगाची सवय असल्यावर दोन सेकंदांची शांतताही खड्ड्यासारखी वाटते आणि आपण त्यात पुढचा प्रश्न टाकतो. मेरी बड रो यांना वर्गांमध्ये आढळलं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. डॉक्टरांची गोष्ट वेगळी नाही. १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये पडत होते.

पण हुद्द्याने मोठ्या माणसाची शांतता धमकीसारखी वाटते. साहेब उत्तर ऐकून नुसते बघत राहिले तर घाम फुटतो. तुम्ही वरच्या खुर्चीत असाल तर थांबताना नजर वहीकडे न्या, काहीतरी लिहा, किंवा सरळ सांगा, ‘आठवा निवांत, घाई नाही.’

हुंकाराचंही तसंच. ‘हं’, ‘मग?’, ‘अच्छा’ हे वाट मोकळी ठेवतात. ‘बरोबर’ आणि ‘छान’ म्हणजे गुण देणं. एकदा ‘बरोबर’ मिळालं की पुढच्या उत्तरातही माणूस तेच शोधतो.

तिसरं माणूस

घरातलं मोठं माणूस किंवा कामावरचे साहेब शेजारी येऊन बसले, तर ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हणून चालत नाही. आधी पंधरा मिनिटं त्यांचीच मुलाखत घ्या, मनापासून. बहुतेक वेळा मग त्यांचं त्यांनाच काम आठवतं. नाही आठवलं, तर नाजूक प्रश्न त्या दिवशी विचारू नका.

बसण्याबद्दल एवढंच: टेबलाच्या कोपऱ्याला, काटकोनात. समोरासमोर बसलं की तपासणी वाटते.

नोकरीच्या मुलाखतीत एक सावधगिरी

वर सांगितलेलं सगळं नोकरीच्या मुलाखतीला तसंच्या तसं लावू नका. तिथे गप्पा रंगतात त्या आपल्यासारख्याच माणसाशी: तीच भाषा, तेच कॉलेज, तेच विनोद. मग ‘मुलगा मोकळा वाटला’ असा शेरा पडतो, आणि तो मोकळेपणा निम्मा आपलाच असतो. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा, उत्तरांना आधी ठरवलेल्या निकषांवर गुण द्या. हवं तर प्रश्नांचे विषय उमेदवारांना आदल्या दिवशी कळवा. कोणत्या क्षणी काय विचारलं जाईल याची धास्ती गेली की लाजऱ्या माणसालाही बोलता येतं.

उमेदवाराच्या खुर्चीत असाल, तर तुमचं संकट बहुधा ‘आम्ही’ आहे. संकोचापायी आपण ‘आम्ही ते काम पूर्ण केलं’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला तुमचा वाटा कळत नाही. ‘आम्ही पाच जण होतो, हिशेबाचा भाग मी केला,’ असं सांगा. त्यात बढाई नाही, तपशील आहे. प्रश्न कळला नाही तर ‘सॉरी सर’ म्हणून माफी मागण्याऐवजी तो आपल्या शब्दांत परत मांडा: ‘तुम्ही मागच्या कामाबद्दल विचारताय की या जागेबद्दल?’ इंग्रजीत अडलात तर एक वाक्य मराठीत सांगून पुढे जाऊ का, असं विचारायला हरकत नाही. नाही म्हणाले तर तिथलं रोजचं काम कोणत्या भाषेत चालतं तेही कळलं.

मधेच बिनसलं तर

उत्तरं आखडू लागली की प्रश्न बदलण्याआधी मागे जाऊन बघा, शेवटचं लांब उत्तर कुठे होतं. त्यानंतर तुम्ही काय बोललात? बहुतेक वेळा तिथे एखादं ‘अच्छा, म्हणजे…’ किंवा जड शब्द सापडतो. मग सरळ कबूल करा: ‘मघाशी मी तुमचं बोलणं तोडलं. तुम्ही पहिल्या पगाराचं सांगत होतात.’ त्याचेच शब्द, तो होता त्याच जागेवरून.

कधी कधी माणूस बोलतो आणि नको तितकं बोलतो. तुम्ही त्याला बोलतं केलंत, म्हणून ती जबाबदारीही तुमची. रेकॉर्डर दाखवून विचारा, ‘एवढा भाग ठेवू की काढू?’ उत्तर ‘काढा’ आलं तर त्याच्या समोर काढा, नंतर काढीन म्हणू नका.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि खुर्च्या बदला: ‘इतका वेळ मी विचारलं, आता तुम्ही विचारा.’ पहिल्यांदा बहुतेक लोक ‘नाही, काही नाही’ म्हणतात. वही मिटवू नका. थोडं थांबून, पुढे काय होणार ते सांगा: हे कोण वाचणार, कधी कळवणार, नाव येणार की नाही, फोन कुणी करायचा. एवढं ऐकल्यावर प्रश्न येतो. खिळेजुळाऱ्यांनी मला विचारलं होतं, ‘हे सगळं छापणार कशावर? संगणकावरच ना?’ मी हो म्हणालो. ‘मग जोडाक्षरं तरी नीट बघून घ्या,’ म्हणाले.